नऊ नऊ दोन

मित्रहो, सुरुवात एका आकड्यापासून करतो. समजा, तुम्ही विमान चालवण्याचा परवाना अमेरिकेत काढला आहे, कारण आपल्या मुंबईची बरीच मुले तिकडेच शिकतात, आणि सुट्टीत युरोपात एखादे सेसनाचे छोटे विमान भाड्याने घेऊन निघाला आहात. ढग खाली उतरले आहेत आणि टॉवरवरून आवाज येतो, ‘क्यूएनएच नऊ नऊ दोन’. क्यूएनएच म्हणजे समुद्रसपाटीला धरून सांगितलेला हवेचा दाब. अमेरिकेत हवेचा दाब पाऱ्याच्या इंचांत सांगतात, तिथे २९.९२ हा आकडा, घाईत पुढचा दोन गाळूनही, इतक्या वेळा ऐकलेला असतो की हात आपोआप अल्टिमीटरच्या, म्हणजे उंची दाखवणाऱ्या यंत्राच्या, खुंटीकडे जातो आणि २९.९२ लावून मोकळा होतो. युरोपात मात्र भारतासारखाच दाब हेक्टोपास्कलमध्ये सांगतात. खरा दाब ९९२ हेक्टोपास्कल, म्हणजे २९.२९ इंच, आणि तुम्ही लावलेला २९.९२ इंच, म्हणजे १०१३ हेक्टोपास्कल. या फरकामुळे काटा २,००० फूट दाखवत असताना तुम्ही प्रत्यक्षात १,४०० फुटांच्या आसपास असता, आणि समोर डोंगर असला तर हे सहाशे फूट फार महाग पडतात. म्हणून आकडा परत उच्चारताना मागे ‘हेक्टोपास्कल’ जोडायचेच. कंट्रोलरला कंटाळा आला तर येऊ द्या.

परवान्याबाबत एक गैरसमज कायम आढळतो. १९४४ च्या शिकागो करारानुसार भारतीय परवाना भारतात नोंदलेल्या, व्हीटी अक्षरांच्या विमानासाठी इतर देशांतही मानला जातो. तिथले भाड्याचे विमान चालवायचे तर त्या देशाची मान्यता लागते. अमेरिकेत अशी मान्यता तुमच्या मूळ परवान्याच्या आधारे मिळते आणि मूळ परवाना संपला की तीही निरुपयोगी ठरते. तिथे नडते ते आपले नाव. माझ्या परवान्यावर वडिलांचे नाव मधे सुटे होते आणि पासपोर्टवर ते माझ्या नावाला जोडलेले. मूळ परवाना खरा असल्याचे पडताळणीचे पत्र एवढ्यावरून अडकले आणि सुटले तेव्हा माझी रजा संपून मी अंधेरीच्या घरी परतलो होतो. लग्नानंतर आडनाव बदललेल्या भगिनींनी तर अर्ज करण्याआधी दोन्ही कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहावे.

आता इंधन. आपली बहुतेक छोटी पिस्टन विमाने ॲवगॅसवर, म्हणजे विमानाच्या पेट्रोलवर, चालतात, आणि ते जगात सगळीकडे मिळत नाही; जेट इंधन मात्र बहुतेक मोठ्या विमानतळांवर असते. धोका इथेच आहे. विमानाच्या अंगावर ‘टर्बो’ लिहिलेले पाहून टँकरवाला ते टर्बाइनचे, म्हणजे जेट इंधनावर चालणारे, समजतो आणि जेट इंधन ओततो. वाटेपुरते जुने पेट्रोल नळीत असल्याने इंजिन सुरू होते, जमिनीवरून धावपट्टीपर्यंतची टॅक्सीही नीट होते, आणि उड्डाणानंतर ते बसते. म्हणून भरताना स्वतः पंखाजवळ उभे राहा. १०० एलएल जातीचे ॲवगॅस निळसर असते, पण टाकीत मिसळ झाली असेल तर निव्वळ रंगावर विसंबू नका; पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका. ॲवगॅस उडून जाते, जेट इंधन तेलकट कडे मागे ठेवते. पावती गॅलनमध्ये असेल तर कुठला गॅलन तेही विचारा, कारण अमेरिकी गॅलन ३.७९ लिटरचा आणि ब्रिटिश ४.५५ चा.

सुटे भागही सोबत असू द्यावेत. १९३० मध्ये भारत आणि इंग्लंड यांच्यामध्ये कुठल्याही दिशेने एकट्याने उडण्याच्या, आगा खान बक्षिसाच्या शर्यतीत इंग्लंडहून कराचीकडे निघालेले तरुण वैमानिक अस्पी इंजिनियर इजिप्तमधल्या अबुकीरला स्पार्क प्लगअभावी अडकून पडले होते. उलट दिशेने निघालेले जेआरडी टाटा तिथे उतरले आणि त्यांनी आपल्याजवळचे जादा प्लग देऊन टाकले. शर्यत अस्पींनी जिंकली. तुमच्या वाटेवर जेआरडी उतरतीलच असे नाही. म्हणून सामान बांधताना प्लगचा एक संच आणि तो काढायचा पाना पिशवीत तळाशी न टाकता वर ठेवा.