शाळेच्या कपाटातला निळा पंप आणि तुमची सही

(टेबलावर पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा)

नमस्कार मंडळी! हा डबा खाऊचा नाही हां. इंग्लंडमधल्या एका प्राथमिक शाळेच्या ऑफिसात मी काम करते, तिथल्या कपाटात असाच एक असतो. हा माझा घरचा, तुम्हाला दाखवायला भरून आणलाय.

आत एक निळा पंप, म्हणजे साल्ब्युटामॉलचा इन्हेलर, दम्याचा झटका आला की श्वास मोकळा करणारं औषध. आणि हे दोन स्पेसर. ही फुगीर नळी आहे ना, तिला एका बाजूने पंप लावायचा, दुसऱ्या बाजूने पोरानं श्वास घ्यायचा. लहान मुलांना दाबणं आणि ओढणं एका वेळी साधत नाही, म्हणून ही सोय.

१ ऑक्टोबर २०१४ पर्यंत शाळेला असा जादाचा पंप ठेवताच यायचा नाही. हे औषध इथे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं आणि चिठ्ठी असते एकाच मुलाच्या नावाची. एकाचा पंप घरी राहिला, तर शेजारच्या बाकावरच्या मुलाचा काढून देणं नियमात बसत नव्हतं. मग कायदा बदलला. आता शाळेचं नाव, पंप कशासाठी हवेत आणि किती हवेत, एवढं लिहून मुख्याध्यापकांनी सही केलेलं पत्र दिलं की केमिस्ट शाळेला पंप विकतो. सक्ती नाही. ठेवायचा की नाही हे शाळेनं ठरवायचं.

मेख पुढेच आहे. हा पंप कुठल्याही धापणाऱ्या मुलासाठी नसतो. मुलाला दमा असल्याचं निदान झालेलं हवं, किंवा त्याला डॉक्टरांनी असा पंप दिलेला हवा. आणि वर आईवडिलांची लेखी संमती हवी.

आता माझीच गोष्ट सांगते. आम्ही नवीन इथे आलो तेव्हा लेकाच्या फॉर्मवर ‘दमा’ या चौकटीत मी खूण केलीच नाही. खाली बारीक अक्षरात लिहिलं, ‘थोडी कफाची प्रवृत्ती’. बाळदमा म्हटलं की आपल्याकडे सासूबाई पण आवाज खाली करतात, तीच सवय! त्या वर्षी खेळाच्या दिवशी शाळेतून फोन आला, तो खोकतोय, थांबत नाहीये. पर्समध्ये त्याचा पंप घेऊन मी पळत सुटले. शाळेतल्या बाईंनी मला एक शब्द सुनावला नाही, नुसता फॉर्म पुढे केला. ते जास्त लागलं.

बरं, डब्याची देखभाल. आमच्याकडे दोघीजणी जबाबदार आहोत, एक रजेवर गेली तरी दुसरी असते. महिन्यातून एकदा वही काढायची, पंपाचा बॅच नंबर आणि मुदतीची तारीख ताडायची, औषध पुरेसं आहे ना, स्पेसर दोन आहेत ना ते बघायचं. न वापरता पडलेला पंप तुंबतो, म्हणून दोन फवारे हवेत सोडायचे. (फुस, फुस) असे. कपाट मुलांच्या हाताला येत नाही, पण कुलूप मुद्दाम लावत नाही. किल्ली शोधायला वेळ कोणाला आहे? मुलांची यादीही डब्यातच असते, संमती कोणाची आहे ते तिथल्या तिथे कळतं.

धाप लागली की मुलाला ताठ बसवायचं, आडवं करायचं नाही. आधी दोन फवारे. फरक नाही पडला, तर दर दोन मिनिटांनी दोन-दोन, जास्तीत जास्त दहा. तरी उतार नाही, तर ९९९, म्हणजे इथला ॲम्ब्युलन्सचा नंबर. ओठ निळे-पांढरे पडले किंवा मूल गळून गेलं, तर मोजत बसायचंच नाही, आधी ९९९.

शेंगदाण्याच्या वगैरे जबर ॲलर्जीवरची ॲड्रेनालिनची पेनं, म्हणजे पेनासारखी तयार इंजेक्शनं, तीसुद्धा १ ऑक्टोबर २०१७ पासून शाळा अशीच ठेवू शकतात. त्यावर वेगळा व्हिडिओ करीन, चिवड्याच्या डब्यांसकट.

आता पत्र. पंप वापरला की आम्ही फोन करतोच, पण लेखी पत्रही घरी जातं. काय करताना त्रास झाला, स्वतःचा पंप जवळ नव्हता की चालत नव्हता, किती फवारे दिले आणि लवकर डॉक्टरांना दाखवा, एवढंच त्यात असतं. आपले पालक ते तक्रारीची चिठ्ठी समजून घडी घालतात. अहो, ते डॉक्टरांसाठी आहे! फोनवरचं ‘हो हो, बरा आहे आता’ तपासायला गेल्यावर कोणाच्या लक्षात राहतं?

मागे एक आई सकाळी ऑफिसात आल्या. पिशवीतून स्पेसर काढला, स्वच्छ धुतलेला, रुमालात गुंडाळलेला. “काल मुलाबरोबर तुमचा हा घरी आला होता.” मी म्हटलं, “ताई, तो आता तुमचाच. एकाचा स्पेसर आम्ही दुसऱ्याला देत नाही, संसर्गाची भीती असते. पंप तेवढा धुऊन परत वापरतो.” त्या खूश झाल्या. मी विचारलं, “आणि पत्र दाखवलंत का डॉक्टरांना?”

“कुठलं पत्र?”

दप्तर तिथेच काउंटरवर पालथं केलं. पत्र तळाशी होतं, केळ्याखाली.