उपटण्याआधी झाका

श्रोतेहो, नमस्कार.

१९८४ साली मोनॅकोच्या सागरविज्ञान संग्रहालयाखालच्या समुद्रात कॉलर्पा टॅक्सिफोलिया या हिरव्यागार शेवाळाचा एक ठिपका दिसला. जेमतेम एक चौरस मीटरचा. तो वेळेवर काढला गेला नाही. मत्स्यालयात शोभेसाठी वाढवलेला हा वाण पुढे फ्रान्स, इटली, स्पेनच्या किनाऱ्यांना लागला आणि समुद्री गवताच्या कुरणांवर चढला.

या शेवाळाची रचनाच विलक्षण आहे. आडवी धावणारी दांडी, वर पिसांसारखी पानं, खाली मुळांसारखे तंतू, आणि हे सगळं मिळून एकच पेशी. मध्ये कुठेही भिंत नाही. दांडी तुटली तर आतला रस वाहून जायला हवा. पण जखमेपाशी तोच रस गोठतो आणि थोड्याच वेळात तोंड बंद होतं. सेंटीमीटरभर तुकडासुद्धा पुन्हा रुजतो. त्यात कॉलर्पेनीन नावाचं विषारी द्रव्य असतं, म्हणून चरणारे बहुतेक जीव त्याच्या वाटेला जात नाहीत.

आता लक्षात येईल, दाताळं घालून शेवाळ ओढायला गेलं की काय होतं ते. दहा तुकडे हाती येतात आणि वीस प्रवाहाबरोबर पुढे जातात. फ्रान्सच्या पोर-क्रो राष्ट्रीय उद्यानात हातानं काढणं उपयोगी पडलं, पण तिथे ठिपके लहान होते आणि पाणबुडे वर्षानुवर्षं तीच जागा पुन्हा तपासत राहिले. तेवढी चिकाटी नसेल तर हात न लावलेला बरा.

कॅलिफोर्नियात कार्ल्सबाडजवळच्या अगुआ हेडिओंडा खाजणात २००० सालच्या जूनमध्ये हेच शेवाळ सापडलं आणि तीन आठवड्यांच्या आत काम सुरू झालं. ठिपक्यावर काळी, जाड पीव्हीसी ताडपत्री टाकायची, कडा वाळूच्या पोत्यांनी दाबायच्या आणि आत क्लोरीन सोडायचं. आधी द्रवरूप क्लोरीन वापरलं, नंतर वड्या. सगळी मदार कडांवर असते: फट राहिली तर क्लोरीन बाहेर झिरपतं, आतलं प्रमाण उतरतं आणि दांडी जगते. ताडपत्रीखालचे बाकीचे जीवही मरतात, हे मान्य करूनच हा उपाय करावा लागतो.

खरं वेळखाऊ काम त्यानंतरचं. गढूळ पाण्यात पाणबुड्याच्या नजरेतून किती निसटतं हे कळावं म्हणून तिथे प्लॅस्टिकचं खोटं शेवाळ लपवून ठेवत आणि कितीजणांना सापडतं ते मोजत. निर्मूलन झाल्याची घोषणा २००६ मध्ये झाली. खर्च सुमारे ७० लाख डॉलर.

आपल्याकडे मन्नारच्या आखातात प्रश्न वेगळ्या शेवाळाचा आहे. कॅराजिनन या घट्ट करणाऱ्या पदार्थासाठी लागवड होणारं कॅपाफायकस कुरुसडै बेटाजवळच्या जिवंत प्रवाळावर चढल्याचं २००८ मध्ये नोंदवलं गेलं. तेही तुकड्यांतूनच वाढतं. प्रवाळाला चिकटलेला बुंधा खरवडून निघाला नाही, तर वरचं कापणं म्हणजे निव्वळ छाटणी.

होडीवाल्यांनी मुख्यतः नांगर सांभाळावा. साखळीच्या दमट, अंधाऱ्या कप्प्यात कॉलर्पाचा तुकडा दहा दिवसांपर्यंत तग धरतो, म्हणजे दुसऱ्या बंदरात उतरायला पुरेसा वेळ. नांगर पाण्याबाहेर येताच तिथेच थांबून पाहा. साखळीची प्रत्येक कडी तपासा, तुकडे पिशवीत बांधा, पुन्हा पाण्यात टाकू नका. किनाऱ्यावर आणून कडक वाळवा, मगच कचऱ्यात. जाळी आणि पाणबुड्यांचं सामान गोड्या पाण्यानं धुवा, पण ते पाणी समुद्रात परत जाऊ देऊ नका. मत्स्यालयाचं पाणी गटारात ओतण्याबाबतही हेच.

पाण्याखाली संशयास्पद ठिपका दिसला तर तिथे नांगर टाकू नका. जागेचे जीपीएस आकडे, खोली, ठिपक्याची लांबी-रुंदी आणि तळ वाळूचा की खडकाचा, एवढं लिहून घ्या. फोटोत मापासाठी हात किंवा पट्टी ठेवा आणि त्याच दिवशी उद्यानाच्या किंवा वनखात्याच्या कार्यालयाला कळवा.