एलएचव्ही बाई

(दृश्य: मेळघाट, सकाळ. प्राथमिक आरोग्य केंद्राची शीतसाखळी खोली.)

ड्यूटीवर आल्या आल्या पहिलं काम आयएलआरचं, म्हणजे लशी ठेवायच्या फ्रीजचं, तापमान बघायचं. काटा 2 ते 8 अंशांच्या मध्ये आहे ना, बघून तक्त्यावर नोंद, सही. संध्याकाळी पुन्हा तेच. इथं लाइट कधी जाईल याचा नेम नाही, आणि काही लशी एकदा गोठल्या की टोचूनही उपयोग नसतो.

कागदावर यांचं पद आरोग्य सहाय्यिका. केंद्रात आणि गावात सगळे म्हणतात, एलएचव्ही (लेडी हेल्थ व्हिजिटर) बाई. आदिवासी भागात निकषाप्रमाणे 20 हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, 3 हजारांमागे एक उपकेंद्र. उपकेंद्रात आरोग्य सेविका, गावात आशा. या सगळ्यांच्या कामावर देखरेख बाईंची. स्वतः त्याही आधी उपकेंद्रातल्या सिस्टरच होत्या. पावसाळ्यात नाला चढला की पलीकडचं गाव किती लांब जातं, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही.

(दृश्य: टेबलावर उघडं रजिस्टर.)

या महिन्यात बाळंतपणाची तारीख असलेल्यांची ही यादी. काही नावांपुढे लाल खूण आहे. त्या अतिजोखमीच्या माता. कुणाचं आधीचं सिझर, कुणाचं बीपी वाढलेलं, कुणाचं हिमोग्लोबिन 7 च्याही खाली. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर गरोदर बायांना तपासतात. पण तिथवर त्या पोचायला हव्यात, आणि खरं काम तिथंच आहे.

लाल खुणेची एक बाई यायला तयार नाही. आशाताई कोरकूत सासूशी बोलून आल्या आहेत. घरात दोन लहान लेकरं, नवरा कामावर, शेळ्या कोण सोडणार? बाई हे सगळं ऐकून घेतात आणि फोन उचलतात. आधी 102 च्या रुग्णवाहिकेसाठी. मग धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयात, रक्ताची सोय होईल का, विचारायला. तिसरा फोन अंगणवाडी सेविकेला: त्या दोन लेकरांकडे दिवसभर बघाल का? शेळ्यांचं शेजारणीशी बोलून आशाताई ठरवतात. इतकं जुळलं, तेव्हा कुठं ती बाई गाडीत बसते. यातला एकही फोन कुठल्या अहवालात दिसत नाही.

तारीख जवळ आलेल्यांसाठी काही केंद्रांत माहेरघर आहे. बाळंतपणाच्या चार दिवस आधी, घरचं एक माणूस सोबत घेऊन, केंद्रातच येऊन राहायचं. धारणीहून अमरावतीचं डफरीन, म्हणजे जिल्हा स्त्री रुग्णालय, दीडशे किलोमीटरच्या आसपास, आणि वाटेत घाट. कळा सुरू झाल्यावर त्या रस्त्याला लागणं किती जिवावरचं असतं, हे ज्यानं पाहिलं त्याला माहेरघराची किंमत कळते.

(दृश्य: एका ढाण्यातलं, म्हणजे कोरकू वस्तीतलं, घर. झोळीच्या काट्यावर बाळ.)

बाळंतीण घरी आली की आशाताईंच्या भेटी सुरू होतात: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा दिवस. आज बाई सोबत आल्या आहेत. नोंदवहीत बाळाचं वजन 2 किलो 100 ग्रॅम. बाई झोळी रिकामीच काट्याला लटकवतात आणि थांबतात. झोळीत काही नसताना काटा 100 ग्रॅम दाखवतोय.

घरात त्या काही बोलत नाहीत. बाळाला आईच्या छातीशी उघडंच कसं धरायचं, ते दाखवतात, अंगावर दूध कसं घेतंय ते बघतात. बाहेर आल्यावर, आंब्याखाली, काटा आशाताईंच्या हातात देतात. “ताई, आधी रिकामी झोळी लावा. हं, आता काटा शून्यावर आणा.” दोनदा करून घेतात. मग त्या काट्यावर मोजलेली ढाण्यातली सगळी बाळं पुन्हा मोजायला दोघी निघतात. चारचौघांत आशाताईंचा शब्द पडला असता, तर उद्या त्या घरात त्यांचं कोण ऐकणार होतं?

अशा बाईंची दुपारच्या दुपार ऑनलाइन नोंदी भरण्यात जाते. सेविकेचं पद रिकामं असेल, तर तिचं उपकेंद्रही यांच्याच अंगावर येतं. हे बदलायला हवं. इतक्या जाणत्या नर्सचा वेळ ढाण्यांत जायला हवा, संगणकापुढे नव्हे.

(दृश्य: दिवाळीनंतरचे दिवस. सामान बांधलेली कुटुंबं, एसटीचा थांबा.)

दिवाळी झाली की अर्धं गाव मजुरीला बाहेर पडतं. कुणी परतवाड्याला, कुणी अकोटला, कुणी मध्य प्रदेशात बऱ्हाणपूरकडे. होळीला परततं. गरोदर बाई निघाली की तिचं माता बाल संरक्षण कार्ड सोबत घेतलंय ना, हे सेविका बघतात. मुकादमाचा नंबर, मुक्कामाचं गाव आणि तिथलं आरोग्य केंद्र, हे सगळं बाईंच्या वहीत उतरतं. मग तिथल्या सिस्टरला फोन: सातवा महिना आहे, बीपी वाढलेलं होतं, तेवढं बघून घ्या.

संध्याकाळी तिकडून फोन येतो. बाई सापडली, बीपी घेतलं, सोनोग्राफी सोमवारी. एलएचव्ही बाई वहीत “सोमवार” लिहितात आणि विचारतात, “सोबत कोण जाणार?”