गाडी किती मिनिटांनी येते? न्यूयॉर्कच्या सबवेबद्दल

(सोलापुरात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

नमस्कार मंडळी. मागं आवाज येतोय ना? बरं.

विषय न्यूयॉर्कचा सबवे, म्हणजे तिथली जमिनीखालची लोकल. माझी सगळी नोकरी आपल्या रेल्वेत सिग्नल खात्यात गेली, मुलगी तिकडं असते म्हणून जाणं-येणं झालं, आणि सिग्नलवाला माणूस कुठंही गेला तरी आधी रुळाकडंच बघतो. म्हणून मी जे सांगणार ते रुळाच्या बाजूनं आणि प्लॅटफॉर्मवर उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूनं सांगणार.

27 ऑक्टोबर 1904 ला हा सबवे सुरू झाला. सिटी हॉलपासून 145व्या रस्त्यापर्यंत, 28 स्टेशनं. आज 472 आहेत. बराचसा भाग त्यांनी रस्ता खणून, खाली रूळ टाकून, वरून परत छप्पर घालून बांधला, त्यामुळं बरीच स्टेशनं रस्त्याच्या अगदी खालीच आहेत, एक-दोन जिने उतरलं की प्लॅटफॉर्म. लंडनला काही ठिकाणी सरकत्या जिन्यावर उभं राहून राहून कंटाळा येतो तसं इथं फारसं नाही. ही गोष्ट बारीक वाटते पण रोज जाणाऱ्याचा त्यात किती वेळ वाचतो बघा.

आता मुद्द्याचं. मुख्य मार्गांवर त्यांनी चार रूळ टाकले, 1904 सालीच. दोन स्लोसाठी, दोन फास्टसाठी. तुम्ही म्हणाल मुंबईला पण स्लो-फास्ट आहेच की. आहे, पण दादरला फास्ट सोडून स्लो पकडायची म्हणजे बऱ्याचदा जिना चढा, पूल ओलांडा, गर्दीतनं खाली उतरा, तोवर गाडी गेलेली. न्यूयॉर्कला मोठ्या स्टेशनावर एकाच प्लॅटफॉर्मच्या एका बाजूला स्लो आणि दुसऱ्या बाजूला फास्ट, त्याच दिशेची. उतरायचं, चार पावलं चालायचं, समोरच्या गाडीत बसायचं. युनियन स्क्वेअर स्टेशनापासून ग्रँड सेंट्रल स्टेशनापर्यंत 4 आणि 5 नंबरच्या फास्ट गाड्या दिवसा मध्ये कुठंच थांबत नाहीत, 6 नंबरची स्लो मधल्या तिन्ही स्टेशनांवर थांबते, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला मधल्या स्टेशनाला जायचं असेल तरी लांबचा पल्ला फास्टनं मारून शेवटचा तुकडा स्लोनं करता येतो आणि त्यासाठी गुडघे दुखवावे लागत नाहीत. शंभर वर्षांपूर्वी हे कोणीतरी कागदावर नीट विचार करून आखलं, मला त्या माणसांबद्दल फार आदर वाटतो.

आणि बऱ्याच अंशी ह्या चार रुळांमुळं हा सबवे रात्रभर चालतो. आपली दिल्ली मेट्रो, मुंबईची मेट्रो, रात्री बंद असते, ती बंद असते म्हणून दुरुस्ती होते. इथं रात्री दोन वाजता पण गाडी आहे, वीसेक मिनिटांनी का होईना पण आहे. मग काम कधी करायचं? फास्टच्या रुळांवर ब्लॉक घ्यायचा आणि सगळ्या गाड्या स्लोवर वळवायच्या. शनिवार-रविवारी तर हे इतकं चालतं की तिथले लोक घराबाहेर पडायच्या आधी फोनवर बघतात आज कुठली गाडी कुठनं जाणार, वैतागतात पण, मुंबईकर मेगाब्लॉकला वैतागतात तसेच. पण विचार करा रात्री कोण प्रवास करतं. नर्स, हॉटेलात भांडी घासणारे, ऑफिसं झाडणारे, बेकरीवाले. 2020 च्या मे महिन्यापासून कोविडमुळं साधारण वर्षभर रात्री काही तास सबवे बंद ठेवला, तेव्हा सगळ्यात जास्त हाल ह्याच लोकांचे झाले. आपल्याकडं पहाटे चारला पुण्याहून येणारी बाई स्टेशनबाहेर रिक्षावाला मागेल तो आकडा देते, कारण दुसरं काही नसतंच.

सिग्नलबद्दल थोडं जास्त बोलतो, कंटाळू नका. आपल्याकडं जुन्या पद्धतीत दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी. तसं तिथं केलं तर गाड्या चालणारच नाहीत, म्हणून रुळाचे लहान लहान तुकडे केलेत, प्रत्येक तुकड्यात वीज सोडलेली, गाडी त्या तुकड्यात शिरली की मागचा सिग्नल आपोआप लाल. आणि मोटरमननं लाल बघूनही गाडी पुढं नेलीच तर? रुळाशेजारी एक लोखंडी हात असतो, सिग्नल लाल असला की तो वर उभा राहतो, गाडीखालच्या खटक्याला तो लागतो आणि ब्रेक जागच्या जागी लागतात. किती साधं आणि किती पक्कं काम! आता एल आणि 7 नंबरच्या मार्गावर कॉम्प्युटर-रेडिओवालं सिग्नलिंग आहे, गाडी स्वतःच सतत सांगत राहते मी इथं आहे, त्यामुळं दोन गाड्या अजून जवळ आणता येतात. बाकी बऱ्याच ठिकाणी जुनं यंत्र अजून राबतंय.

पण सिग्नल कितीही भारी लावा, गाडी अडते ती दारात. एका माणसानं दार धरून ठेवलं तर मागची गाडी बोगद्यात थांबते, तिच्या मागची पण थांबते, आणि पाच स्टेशनं मागं उभ्या असलेल्या बाईला कळत पण नाही आपल्याला उशीर का होतोय. म्हणून गाडीच्या मध्यभागी गार्ड असतो. प्लॅटफॉर्मच्या मधोमध काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची पाटी टांगलेली असते, गाडी थांबली की गार्ड आधी त्या पाटीकडं बोट दाखवतो, म्हणजे गाडी पूर्ण प्लॅटफॉर्मला लागली हे स्वतःच्या डोळ्यानं बघितलं, आणि मगच दारं उघडतो. आपले लोको पायलट सिग्नलकडं हात करून मोठ्यानं बोलतात ना, त्याच जातीतलं. तिथं तो हात बघितला आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

पैशाचं. 1904 पासून 1948 पर्यंत तिकीट पाच सेंट. 44 वर्षं! कुठल्याच पुढाऱ्याला वाढवायचं धाडस होईना. दुरुस्ती पुढं ढकलत गेले आणि पुढच्या काळातही पैसा पुरला नाही, त्याचं फळ 1970 च्या दशकात दिसलं, गाड्या रुळावरनं घसरायच्या, दारं उघडायची नाहीत, डबे आतून-बाहेरून लोकांनी स्प्रेनं नावं-चित्रं काढून रंगवून टाकलेले. 1982 ला मोठा पैसा ओतायला सुरुवात केली आणि तशी शेवटची रंगवलेली गाडी हटवायला 1989 चा मे उजाडला. मोडायला वेळ लागला तसा जोडायलाही लागला. पण एक गोष्ट त्यांनी सोडली नाही, कितीही लांब जा, तिकीट एकच. शहराच्या उत्तरेच्या ब्राँक्सहून पार दक्षिणेला कोनी आयलंडला समुद्रावर जा नाहीतर दोन स्टेशनं जा. गाडी बदलली तरी नवं तिकीट नाही. 1997 पासून सबवेतून उतरून बसमध्ये चढलात तरी दोन तासांच्या आत फुकट. आता कार्ड किंवा फोन टेकवायचा, आणि सात दिवसांत ठराविक रकमेपर्यंत पैसे कापले गेले की पुढचे फेरे फुकट. लांब राहतो तो बहुतेक गरीब असतो, त्याला लांबचं भाडं लावायचं नाही, हे मला फार पटलं.

सगळं चांगलंच आहे असं नाही. लिफ्ट बघा. 472 पैकी साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या स्टेशनांवरच आहे, बाकीकडं जिने. बाबागाडी घेतलेली आई खाली उभी राहून कोणीतरी धरेल का बघत असते, व्हीलचेअरवाल्याला तर तेही नाही. लोक कोर्टात गेले, 2022 ला तडजोड झाली, 95 टक्के स्टेशनांवर सोय करायची मुदत 2055! एक तरुण माणूस ती बघायला म्हातारा होईल.

पाण्याचंही ऐका, आपल्याला ते जास्त कळेल. पाऊस नसला तरी तिथं पंप रोज साधारण 1 कोटी 30 लाख गॅलन पाणी उपसतात, म्हणजे जवळपास 5 कोटी लिटर, नाहीतर बोगदे भरतील. ऑक्टोबर 2012 ला सँडी वादळ आलं, गाड्या आधीच बंद करून उंचावर नेऊन ठेवल्या म्हणून डबे बरेच वाचले, पण नदीखालच्या बोगद्यांत खारं पाणी शिरलं आणि त्या मिठानं केबल कितीतरी वर्षं पोखरल्या.

तुमच्यातनं चिठ्ठी आलीय, सोलापूरला मेट्रो व्हावी का. मला नाही वाटत. 2011 च्या जनगणनेत आपण साडेनऊ लाख, एवढा खर्च कशाला? आपल्याला चांगली बस हवी. अशोक चौकातून जुळे सोलापूरला जाणाऱ्या बाईला सात रस्त्यावर उतरून दुसरं वाहन धरावं लागलं तर परत पैसे का? आणि दुसरं वाहन कधी येणार हे तिला माहीत का नसावं? माणसाला गाडीत बसून जेवढा त्रास होत नाही तेवढा थांब्यावर रस्त्याकडं बघत उभं राहून होतो. दर दहा मिनिटांनी बस आली तर वेळापत्रक बघायची पण गरज नाही. एकच तिकीट आणि दहा मिनिटं, ह्याला बोगदा लागत नाही, बस लागतात, ड्रायव्हर लागतात आणि रोज सकाळी त्या डेपोतून वेळेवर बाहेर काढणारा माणूस लागतो.

आधी मोजलं पाहिजे. कुठल्या थांब्यावर सकाळी आठला किती माणसं उभी असतात आणि किती वेळ. कॉलेजची मुलं-मुली इथं बरीच दिसतायत, ज्यांना हे करायचंय त्यांनी कार्यक्रम झाल्यावर दारापाशी वही ठेवलीय त्यात नाव आणि आपल्या जवळचा थांबा लिहून जा, नव्या पेठेतनं आणि अक्कलकोट रोडवरनं सुरुवात करू.