कौलांवर टिकेल असा रेणू हवाय

फोंड्याच्या बाजूची ही जुनी कौलारू घरं बघा. वासे जुने, त्यावर वीस-बावीस किलोचं एकेक काचेचं सोलर पॅनल चढवायचं म्हटलं की घरमालकाचा जीव खालीवर होतो. म्हणूनच प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर छापता येणारे ऑरगॅनिक सोलर सेल आपल्या कामाचे आहेत असं मला मनापासून वाटतं.

यात सिलिकॉन नसतं, कार्बनचे रेणू असतात, एक डोनर म्हणजे इलेक्ट्रॉन देणारा, एक अ‍ॅक्सेप्टर म्हणजे इलेक्ट्रॉन घेणारा. आता गंमत अशी की ऊन पडलं म्हणून इलेक्ट्रॉन लगेच सुटत नाही, तो मागे सोडलेल्या रिकाम्या जागेला धरूनच असतो, ही जोडी जेमतेम १० नॅनोमीटर सरकते आणि तेवढ्यात डोनर-अ‍ॅक्सेप्टरची सीमा लागली नाही तर संपलं, वीज नाही, नुसती उष्णता. त्यामुळे दोघांना एकत्र विरघळवूनच थर देतात, साधारण १०० नॅनोमीटरचा.

बरीच वर्षं अ‍ॅक्सेप्टर म्हणजे फुलरीनच, कार्बनच्या अणूंचा चेंडूसारखा पोकळ रेणू, त्यातही १९९५ पासून त्याचाच पीसीबीएम हा प्रकार. इलेक्ट्रॉन झकास घेतो, पण उजेड फार कमी शोषतो आणि त्याच्या ऊर्जापातळ्या हव्या तशा बदलता येत नाहीत. उन्हातल्या ऊर्जेची वीज करण्याची गाडी ११-१२ टक्क्यांवर अडकली.

मग २०१५ मध्ये पेकिंग विद्यापीठातल्या झान श्याओवेई यांच्या गटाने आयटीआयसी हा फुलरीन नसलेला अ‍ॅक्सेप्टर आणला, आणि २०१९ मध्ये झोऊ यिंगपिंग यांच्या गटाने तसाच वाय-६. हा वाय-६ जरा जवळून बघूया. मधे वाकलेला गाभा, गाभ्याच्या पोटात इलेक्ट्रॉन ओढणारा एक तुकडा, दोन्ही टोकांना फ्लोरिन लावलेले, इलेक्ट्रॉन ओढणारे अणूंचे गट, आणि बाजूला लांब साखळ्या, त्या नसत्या तर हा विरघळलाच नसता. ९०० नॅनोमीटरच्या आसपासचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाशसुद्धा हा शोषतो. पहिल्याच पेपरात १५.७ टक्के! आता याच घराण्यातले रेणू लॅबमध्ये २० टक्क्यांपर्यंत पोचलेत, पण सेल बहुतेक वेळा नखाएवढा.

अडचण जोडावर आहे. गाभा आणि टोक यांना जोडणारा जो कार्बन-कार्बन दुहेरी बंध आहे ना, तोच अल्ट्राव्हायोलेट किरणांनी आणि पाण्याने तुटतो, आणि आपल्याकडे तर एप्रिलचं ऊन झालं की जूनपासून चार महिने भिंतीसुद्धा ओल्या. काही संशोधक गट आता तो जोडच कड्यात बंद करून पक्का करतायत, मला तर टक्के वाढवण्यापेक्षा हेच काम मोठं वाटतं. सिलिकॉन पॅनलना ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के दमट हवेत १००० तास काढावे लागतात, नव्या अ‍ॅक्सेप्टरचा प्रत्येक पेपर या कसोटीचा आकडाही छापेल तेव्हा फोंड्यातल्या घरमालकाला काहीतरी सांगता येईल.