पाच किलो तांदळाला पाणी किती?

नमस्कार श्रोतेहो.

'तांदळाच्या दुप्पट पाणी' हे आपल्याकडे घरोघरी चालतं. पण हा हिशोब वाटीचा आहे, किलोचा नाही. घरी पन्नास माणसांचं जेवण निघतं, दुकानातून पाच किलो तांदूळ येतो आणि कुणीतरी भाऊ ठणकावून सांगतो, "पाच किलो ना? मग दहा लिटर पाणी टाका." भात टणक राहतो आणि बोल तांदळाला लागतो!

एक लिटरच्या मापात कोरडा तांदूळ मावतो साधारण ८०० ग्रॅम. म्हणजे पाच किलो तांदूळ भरतो सव्वासहा लिटर, आणि त्याची दुप्पट साडेबारा लिटर. वजनावर चालायचं तर किलोला अडीच लिटर धरा. मोठ्या पातेल्यात त्या मानाने वाफ कमी जाते, म्हणून अकरा-बारा लिटर आधी ओता. उरलेलं उकळतं बाजूला असू द्या, लागेल तसं घाला.

जुन्या माणसांना हा घोळ फारसा पडत नसे. मापटं, शेर, पायली, सगळं धान्य भरून मोजायचं. चार शेरांची एक पायली. १९५६च्या कायद्याने किलो-ग्रॅम आले, दुकानं तराजूवर गेली, चूल मात्र वाटीवरच राहिली.

आता तुमची वाटी. तिच्यात किती ग्रॅम बसतात ते मला विचारू नका, कारण प्रत्येक घरची वाटी निराळी. किलोची पिशवी फोडा, वाटी भरा, वरचा ढीग बोटाने सपाट करा, परातीत ओता, मोजत जा. आठ वाट्या झाल्या तर वाटी सव्वाशे ग्रॅमची. सहा झाल्या तर पावणेदोनशेच्या आत-बाहेर. वाटी ओट्यावर आपटू नका, आपटली की दाणे दबतात आणि जास्त मावतात. आणि हे सगळं धुण्याआधी, कारण भिजलेला तांदूळ फुगतो.

इंद्रायणीचा दाणा बासमतीहून आखूड, तो वाटीत दाटून बसतो. लांब बासमतीच्या दाण्यांत पोकळी राहते, तीच वाटी थोडी हलकी भरते. फरक लहान आहे, दोन माणसांच्या भाताला त्याची फिकीर नको.

आपल्या खिचडीची तर काळजीच नाही. तुरीची डाळ मापाला जवळपास तांदळाइतकीच वजनदार, त्यामुळे तीन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ म्हणा की तीन किलोला एक किलो, एकच. पाणी मात्र भातापेक्षा सढळ हाताने.

विजेच्या कुकरसोबत येणारा प्लास्टिकचा पेला बहुधा १८० मिलिलिटरचा असतो, त्यात साधारण दीडशे ग्रॅम तांदूळ. पुस्तकातला 'कप' २४० मिलिलिटरचा, त्यात १९०-२०० ग्रॅम. दोन्ही एक समजू नका. आणि पोहे-मुरमुऱ्यांना हा हिशोब लावूच नका, ते तराजूवरच घ्या.

नमस्कार.