लिंकनची श्रद्धा आणि जखमी शिपाई

मंडळी, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन किती धार्मिक होते हे चर्चच्या नोंदवहीवरून कळणार नाही. वॉशिंग्टनच्या न्यू यॉर्क ॲव्हेन्यू प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये त्यांच्या कुटुंबाचं भाड्याचं बाक होतं, ते तिथे जातही असत. पण सभासद मात्र ते कोणत्याच चर्चचे झाले नाहीत. त्यांची श्रद्धा शोधायची तर जखमींच्या तंबूत आणि पेन्शनच्या कायद्यात शोधावी लागते.

लिंकन यांच्या कारकिर्दीत अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध (१८६१–६५) पेटलं होतं. आधी त्यातली जखम कशी असे ते पाहा. तेव्हाच्या बंदुकीतली मिनिए गोळी मऊ शिशाची. हाडावर आदळली की ती चपटी होई, हाडाचा चुरा करी आणि गणवेशाच्या चिंध्या, माती आत ओढून नेई. त्यामुळे हात किंवा पाय कापण्यावाचून सर्जनपुढे सहसा मार्ग नसे. पहिल्या ४८ तासांत कापला तर जगण्याची आशा बरी. उशीर झाला की जखम सडू लागे. क्लोरोफॉर्मची भूल होती, पण जंतूंची कल्पना नव्हती. तोच स्पंज त्याच पाण्यात पिळून एकामागून एक जखमा पुसत. शिपाई किती लवकर उचलला जातो, यावर त्याचा जीव अवलंबून असे.

आणि नेमकी उचलण्याचीच सोय नव्हती! ऑगस्ट १८६२ मध्ये बुल रनच्या दुसऱ्या लढाईनंतर जखमी कित्येक दिवस उघड्यावर पडून राहिले. जखमींना नेणाऱ्या गाड्यांचे गाडीवान बिगरलष्करी होते, त्यांतले अनेक पळाले. उत्तरेच्या पोटोमॅक सेनेचे डॉ. जोनाथन लेटरमन यांनी घडी बसवली. गाड्या वैद्यकीय खात्याच्या हुकमतीत आणल्या. दर गाडीला एक गाडीवान आणि दोन स्ट्रेचरवाले, त्यांना दुसरं काम द्यायचं नाही. पुढे मलमपट्टीचं ठाणं, मागे डिव्हिजनचं (सैन्याच्या मोठ्या तुकडीचं) फील्ड हॉस्पिटल, त्याच्याही मागे शहरातली मोठी रुग्णालयं. १७ सप्टेंबर १८६२ च्या अँटिटमच्या लढाईत युनियनचे, म्हणजे उत्तरेचे, बहुतेक जखमी सुमारे २४ तासांत हलवले गेले. तरीही ही पद्धत सगळ्या सैन्याला लावणारा कायदा व्हायला ११ मार्च १८६४ उजाडला. दीड वर्ष! ही दिरंगाई लिंकन यांच्याच कारकिर्दीतली, ती झाकून चालणार नाही.

पेन्शनचं काम मात्र लवकर झालं. १४ जुलै १८६२ च्या कायद्याने पूर्ण अपंग झालेल्या साध्या शिपायाला महिना ८ डॉलर ठरले, लेफ्टनंट कर्नल आणि त्यावरच्यांना ३०. साध्या शिपायाचा तेव्हाचा पगार १३ डॉलर होता, म्हणजे ८ डॉलरांत संसार ओढाताणीचाच. शिपाई गेला तर विधवेला, मुलांना. ती नसतील तर त्याच्या कमाईवर जगणाऱ्या आईला किंवा लहान बहिणींना हक्क मिळाला.

त्यानंतर तीनच दिवसांनी आणखी एक दुरुस्ती झाली, आणि मला ती फार मोलाची वाटते. १८६१ च्या कायद्यात सैन्यातला धर्मोपदेशक ख्रिस्तीच असला पाहिजे अशी अट होती. डिसेंबर १८६१ मध्ये ज्यू समाजाच्या वतीने आर्नल्ड फिशेल लिंकनना भेटले. मरणाच्या दारातल्या ज्यू शिपायाच्या खाटेपाशी त्याची प्रार्थना म्हणणारं कुणी का नसावं? लिंकननी बदलाचा शब्द दिला, अट गेली आणि सप्टेंबर १८६२ मध्ये फिलाडेल्फियाच्या लष्करी रुग्णालयांसाठी जेकब फ्रँकेल नेमले गेले. परधर्मीयाच्या प्रार्थनेसाठी कायदा बदलायला लावणारी श्रद्धा ती हीच.

४ मार्च १८६५ ला दुसऱ्या शपथविधीच्या भाषणात ते म्हणाले, दोन्ही बाजू एकच बायबल वाचतात, एकाच देवाची प्रार्थना करतात. लढलेल्याची, त्याच्या विधवेची, पोरक्या मुलाची काळजी घेऊ, हेही त्याच भाषणात. आदल्याच दिवशी त्यांनी अपंग स्वयंसैनिकांच्या राष्ट्रीय आश्रयगृहाच्या कायद्यावर सही केली होती.

८ एप्रिलला ते व्हर्जिनियात सिटी पॉइंटच्या हॉस्पिटलात गेले. तंबू आणि लाकडी बराकींचं ते गावच होतं. दिवसभर खाटेखाटेपाशी जाऊन त्यांनी हजारो जखमींशी हस्तांदोलन केलं. दक्षिणेचे जखमी कैदीही तिथेच होते. लिंकन त्यांच्याकडेही गेले आणि त्यांचेही हात हातात घेतले.